वहाबसाठी आवाज पाहिजे

माझा भाऊ वहाब चोवीस वर्षांचा आहे. त्याच्या मिशा आमच्या फारूख मामूंपेक्षा दाट आहेत, आणि मामूंना त्याचं वाईट वाटतं. अशा मिशांखालून गेल्या उन्हाळ्यापर्यंत सात वर्षांच्या मुलीचा आवाज यायचा.

नीट सांगते. वहाब तोंडानं फारसा बोलत नाही. घरात दोन-चार शब्द, त्यातला एक ‘आपा’, म्हणजे मोठी बहीण, म्हणजे मी, तेही मर्जी असेल तर. त्याला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, आणि हा शब्द ज्यानं काढला त्याला मला एकदा आमच्या दुकानात बसवायचं आहे. सिटी चौकाजवळच्या गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे: अस्तर, फॉल, लेस, बटणं. अब्बांच्या मागे ते मी सांभाळते आणि वहाब लेस मोजून कापतो. कापताना एक तुकडा बोटांत घेऊन हलवत राहतो, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही. पण कुठली बाई सासूला न सांगता आली आहे आणि कुणी कालचंच कापड बदलायला आणलं आहे, हे सगळं त्याला कळतं. तो कुठला स्वतःत मग्न? तो आमच्यात मग्न असतो, आणि आम्ही त्याला पुरेसे मनोरंजक वाटतो.

सिडकोत एक केंद्र आहे. तिथं मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक ‘मुलांना’ कामं शिकवतात. ‘मुलांना’ हे केंद्रातल्या लोकांचं बोलणं. त्या मुलांतल्या एकाला टक्कल पडलं आहे. वहाब तिथं आठवड्यातून दोनदा जातो. तिथल्या कालिंदीताईंनी त्याला टॅब्लेट मिळवून दिला. त्यावर चित्रांच्या चौकटी असतात. चौकटीवर बोट ठेवलं की आत भरून ठेवलेलं वाक्य मोठ्यानं ऐकू येतं. वहाबला लिहिता येतं, पण एक ओळ लिहायला त्याला इतका वेळ लागतो की गिऱ्हाईक तोवर शेजारच्या दुकानातून लेस घेऊन घरी पोचलेलं असतं. म्हणून हा टॅब्लेट म्हणजे मोठी सोय होती. कालिंदीताईंचे ते उपकार मी नाकारत नाही.

फक्त आवाजाची भानगड झाली. मशीनमध्ये स्वतःचा एक आवाज होता, पण तो बँकेच्या फोनवर आपल्याला ताटकळत ठेवणाऱ्या बाईचा होता. तो ऐकला की वहाब कानावर हात ठेवायचा. मग कालिंदीताईंनी त्यांच्या भाचीला बसवलं आणि सगळी वाक्यं तिच्या गोड आवाजात भरली. ताई आधी बालवाडीत शिकवायच्या. मनानं सोनं बाई, पण बोलतात ते चालीवर. “वहाऽऽब बाळा! आज कोऽऽण आलंय?” असं म्हणून टाळ्या वाजवतात, आणि काम बरं झालं की त्याच्या हातावर चमकीची चांदणी चिकटवतात. वहाब ती चांदणी घरी आल्यावर काढून माझ्या कपाटाला लावतो. माझं कपाट शिक्षणात फार पुढे गेलं आहे.

आता कन्नडबद्दल, म्हणजे कन्नड गावाबद्दल. शुक्रवारी दुकान बंद असतं. नमाज झाली की वहाब एकटा बसनं कन्नडला रईसा खालाकडे, आमच्या मावशीकडे, जायचा आणि शनिवारी सकाळी परत यायचा. एकटा, हे महत्त्वाचं. अम्मीनं त्याला एकटं सोडावं म्हणून मी तिच्याशी किती वर्षं भांडले असेन ते आम्हा दोघींनाच ठाऊक. पहिल्यांदा तो गेला तेव्हा अम्मी संध्याकाळपर्यंत जानमाजवरून, नमाजाच्या चटईवरून, उठली नव्हती. पण तो गेला, आणि आला, आणि मग जातच राहिला. ओळखीचे कंडक्टर होते, त्यांना त्यानं पुटपुटलेलं ‘कन्नड’ पुरायचं. दुकानात मी असते, केंद्रात ताई असतात, घरात अम्मी असते. त्या बसमध्ये तेवढा तो स्वतःच्या जिवावर असायचा.

कालिंदीताई म्हणाल्या, बसमध्येही टॅब्लेट वापरू द्या, सराव होईल. त्यानं वापरला. पुढं काय झालं ते आम्हाला तात्यासाहेबांनी सांगितलं. तात्यासाहेब म्हणजे आमचे शेजारी. मध्यवर्ती बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची सारी नोकरी गेली. त्या दिवशी ते वेरूळला जायला त्याच बसमध्ये बसले होते.

कंडक्टर नवा होता. वहाबनं चौकटीवर बोट ठेवलं, आणि भरगच्च बसमध्ये त्या मिशांखालून आवाज आला, “काका काका, मला कन्नडला जायचंय! तिकीट द्या ना, प्लीऽऽज!”

बस हसली. बाजार करून निघालेल्या बाया हसल्या, मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं हसली. एक म्हणाला, “भाऊ, अजून एकदा लाव की!” कंडक्टरनं वहाबच्या गालाला हात लावून विचारलं, “मम्मी कुठाय तुझी?” आणि सांगताना तात्यासाहेबांच्याही ओठांचा कोपरा हलत होता. तो मी बघितला आणि त्यांना चहा विचारला नाही.

वहाब शहराबाहेर पडण्याआधी नगर नाक्यालाच उतरला आणि उन्हातून चालत घरी आला. कुणाशी काही नाही. टॅब्लेट दिसेना. पुढचा शुक्रवार आला, गेला. त्याच्या पुढचा पण. कन्नडला न्यायची पिशवी खुंटीलाच. घरातले दोन-चार शब्दही बंद झाले. खालाचा फोन आला की तो उठून गच्चीवर जायचा.

मला भीती वाटली. सरळच सांगते, खूप भीती वाटली. एवढ्या वर्षांत त्यानं या शहरात स्वतःची म्हणून एक गोष्ट मिळवली होती, ती बस. तीच गेली तर उरलेलं आयुष्य माझ्या पाठीमागं, लेसच्या रिळांमध्ये. आणि मी मेल्यावर?

कालिंदीताई धावत घरी आल्या. सोबत हातात घालायचं कापडी माकड आणलं होतं. “आमचा वहाब बाळ रुसलाय का? माकडाला सांगणार का तो?” माकडानं मान हलवली. वहाबनं भिंतीकडे तोंड केलं. ताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या की तो मागे गेला आहे, असं होतं कधीकधी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. मी म्हटलं, “ताई, जरा चहा घ्या.” कारण दुसरं जे तोंडात आलं होतं ते पाहुण्या बाईला म्हणण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पिठाचा डबा बोलला.

“मला शू लागली!” डबा म्हणाला.

अम्मी किंचाळली. धावत गेलो तर तिचा हात कोपरापर्यंत पिठात, आणि डब्याच्या तळातून पुन्हा तेच गोड गाऱ्हाणं. ताईंना येताना बघून वहाबनं टॅब्लेट तिथं पुरला होता, चालू असतानाच. पीठ घेताना तिचा हात बरोबर त्याच चौकटीवर पडत होता. “या अल्ला, आटे में कौन है?” अम्मी ओरडली, आणि मग आम्ही तिघी इतक्या हसलो की ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. वहाब दारात उभा होता. दोन्ही हात कानांवर, आणि चेहरा लाजेनं लाल.

माझं हसू तिथंच संपलं. मी पीठ झटकलं, टॅब्लेट उचलला आणि त्याला विचारलं, “वहाब, हा आवाज नको आहे ना तुला?”

त्यानं कानांवरचे हात खाली घेतले. मग तो म्हणाला, “नक्को.”

बसच्या त्या दिवसानंतरचा पहिला शब्द.

मग काय, मी गल्लीत सांगून टाकलं: वहाबसाठी आवाज पाहिजे, पुरुषाचा. मुलगी बघायचा कार्यक्रम असावा तशी दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी. मुशायऱ्यांत शेर म्हणणारे फारूख मामू अत्तर लावून आले. त्यांना वाक्य दिलं, ‘मला पाणी हवं आहे.’ मामूंनी डोळे मिटले, हात उचलला आणि म्हणाले, “मला पाणी हवं आहे…” मग थांबले. दाद आली नाही तेव्हा तीच ओळ पुन्हा म्हटली. पाण्याविना ते एवढे व्याकूळ झाले होते की अम्मीनं खरंच तांब्या आणून दिला.

नंतर तात्यासाहेब. घसा खाकरून त्यांनी टॅब्लेट तोंडाजवळ धरला. “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. वहाब यांना पाणी हवे आहे. पाणी देणाऱ्यांनी दुकानाच्या उजव्या बाजूने यावे.” आवाज खणखणीत, वाद नाही. रस्त्यावरचे दोघं उजव्या बाजूनं आलेसुद्धा. पण वहाब उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

पायरीसमोर कडूबाचा लोडिंग रिक्षा उभा होता. कडूबा लासूर स्टेशन गावचा, वयानं वहाबएवढाच. ट्रान्सपोर्टवरून आमचे गठ्ठे आणतो आणि आणताना दर वेळी कुरकुरतो. रस्ता खराब, ऊन जास्त, गठ्ठे जड, शेटाणी कंजूष. शेटाणी म्हणजे मी. कडूबाला गोड बोलता येत नाही. गिऱ्हाइकाशी नाही, पोलिसाशी नाही, वहाबशीही नाही.

“वहाब, एक कोपरा धर,” तो दोरीची गाठ सोडत म्हणाला. “आज मूड नाय का? नसंल तर ऱ्हाऊ दे.” आणि परत गाठीशी झटापट. गाठ घट्ट होती, तो तिला शिव्या घालत राहिला. त्या शिव्या संपेपर्यंत वहाबला हवा तेवढा वेळ मिळाला. तो उठला आणि त्यानं कोपरा धरला. कडूबानं शाब्बास म्हटलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त म्हणाला, “वरून धर की, फाटंल ते.”

गठ्ठा आत आला. मग वहाबनं कडूबाची बाही धरली, त्याला गल्ल्यापाशी ओढत आणलं आणि टॅब्लेट त्याच्यासमोर ठेवला.

“मी?” कडूबा म्हणाला. “माझा आवाज? माझी माय म्हनती, रेड्यावानी हाय.”

मामू आणि तात्यासाहेब एकमेकांकडे बघू लागले. इतक्या वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आले होते.

आणि मग एक मोठी अडचण निघाली. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की कडूबा सरळ ताठ व्हायचा, शर्टाची वरची गुंडी लावायचा आणि म्हणायचा, “नमस्कार. मला पाणी पाहिजे आहे. धन्यवाद.” वहाबनं पुसलं. पुन्हा. “नमस्कार. मला…” पुसलं. तिसऱ्यांदा कडूबाला घाम फुटला. मी आशा सोडत आले होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, ट्रान्सपोर्टवाल्याचा.

“नाय!” कडूबा फोनमध्ये म्हणाला. “नाय म्हनलं ना. थांबा जरा. वरडू नका, ऐकू येतंय मला.”

वहाबचं बोट बटणावर होतं.

फोन ठेवून कडूबा वळला तर टॅब्लेटमधून तोच बोलत होता. “वरडू नका, ऐकू येतंय मला.” वहाबनं ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग हातातली लेस इतक्या जोरात हलवली की रीळ खाली पडून दुकानभर उलगडलं. मला कळलं की तो खूश आहे, आणि अम्मीलाही कळलं, कारण तिनं ओढणीत तोंड लपवलं.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. ताईंनी भरलेल्या चौकटी मी उघडून बघितल्या. भूक लागली, तहान लागली, शू लागली, सॉरी, थँक्यू, प्लीज, शुभ सकाळ. त्यात ‘नाही’ नव्हतं. ‘थांबा’ नव्हतं. एवढ्या चित्रांत, फुगे आणि बदकं धरून, माणसाला कुणाला अडवता येईल असा एक शब्द नव्हता.

कालिंदीताई बुधवारी दुकानात आल्या, साडीला फॉल घ्यायला. दारातूनच टाळ्या सुरू. “वहाऽऽब बाळा! कित्ती छाऽऽन कापतोय आमचा—”

“वरडू नका,” टॅब्लेट म्हणाला. “ऐकू येतंय मला.”

अम्मी पुटपुटली, “तौबा!” ताईंचा चेहरा पडला. त्यांना लागलं होतं, आणि त्यांना लागलेलं बघून मलाही लागलं. “राहत, हा उद्धटपणा झाला,” त्या मला म्हणाल्या. “अशा बोलण्यानं बाहेर मार खाईल तो. गोड बोललं की जग सांभाळून घेतं, म्हणून मी ते शिकवते.”

“जगानं त्याचा गाल धरला, ताई,” मी म्हटलं. “आणि मम्मी कुठाय विचारलं. तुम्ही माझ्याशी कधी टाळ्या वाजवून बोलता? मी त्याच्यापेक्षा बावळट आहे, तुम्हाला माहीत आहे.”

ताई स्टुलावर बसल्या. पिशवीतून साडी काढली, घडी उलगडली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता उठून जातील. मग त्यांनी साडी वहाबच्या समोर ठेवली आणि कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या साध्या आवाजात, विचारलं, “वहाब, याला कुठला फॉल लावू? म्हणजे, तुला… तुम्हाला काय वाटतं?”

वहाब साडीकडे बघत राहिला. ताईंचं तोंड उघडलं, प्रश्न पुन्हा, जरा मोठ्यानं विचारायला. त्यांनी ते मिटलं. पर्सची चेन उघडली, लावली, उघडली. बाईंना गप्प बसणं किती अवघड जातं ते मी त्या दिवशी बघितलं आणि माझ्या मनातला त्यांच्यावरचा राग निम्मा उतरला. शेवटी वहाबनं एक फॉल काढला, साडीवर धरला, “नाय” दाबलं आणि दुसरा काढून दिला. मला विचाराल तर पहिलाच बरा होता. पण ताईंनी दुसरा घेतला.

जाताना त्यांनी टॅब्लेट मागितला, मला नाही, त्याला. त्यानं दिला तेव्हा त्यांनी भाचीची सगळी वाक्यं काढून टाकली, चौकटी रिकाम्या केल्या आणि स्वतः आवाज कसा भरायचा, चित्र कसं लावायचं, ते त्याला सावकाश दाखवलं. “यात काय भरायचं ते तुम्ही ठरवा,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी हातावर चांदणी आली नाही. माझ्या कपाटाची प्रगती तिथंच थांबली.

पुढचे काही दिवस वहाब आणि कडूबा दुपारी रिक्षात बसून असायचे. माल कधीचा उतरलेला असायचा. मी खिडकीतून बघितलं की कडूबा पाठ फिरवायचा. वहाब कागदावर काहीतरी लिहायचा, लिहायला त्याला लागायचा तेवढा वेळ लागायचा आणि कडूबा तोवर तंबाखू मळायचा. काय भरताय, असं मी एकदा विचारलं. कडूबा म्हणाला, “आमचं हाय ते.”

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी नमाजहून आल्यावर वहाबनं खुंटीवरची पिशवी काढली. त्यात टॅब्लेट ठेवला. अम्मी माझ्याकडे बघू लागली, मी अम्मीकडे. मी चपला घातल्या.

“चल, मैं भी आती,” मी म्हटलं. नव्या कंडक्टरला एकदा नीट समजावून सांगितलं की झालं, असा माझा विचार होता. त्यात चुकीचं काय होतं? वहाबनं पिशवी खांद्याला लावली.

कन्नडची गाडी लागलेलीच होती. वहाब खिडकीशी बसला, मी त्याच्या शेजारी. गाडी भरत आली तसा कंडक्टर तिकिटं फाडत आला. तोच होता. मला त्याच्या बघण्यावरूनच कळलं, कारण त्यानं आधी वहाबच्या मिशा बघितल्या आणि मग मागच्या बाकाकडे बघून डोळे मिचकावले. मग माझ्याकडे वळला. “ह्याला कुठं न्यायलात, ताई?”

माझं तोंड उघडलेलं होतं. सगळं भाषण तयार होतं.

“कन्नड,” टॅब्लेटमधून घोगरा आवाज आला. “एक.”

कंडक्टरनं चमकून वहाबकडे बघितलं. मागच्या बाकावर कुणी हसलं नाही. त्या आवाजाला हसावं असं काही नव्हतं. तो दमलेल्या, जरा वैतागलेल्या, तिकीट मागणाऱ्या माणसाचा आवाज होता, आणि गाडीत तसे पन्नास जण बसले होते.

“कन्नड एक,” कंडक्टर म्हणाला आणि मशीनवर बोटं चालवू लागला. “अन् ताईचं, भाऊ?”

हे त्यानं वहाबला विचारलं. वहाब खिडकीबाहेर बघत होता. कंडक्टर थांबला. मी पण थांबले, मला वाटलं तो ‘कन्नड’ पुन्हा दाबेल. त्याचं बोट चौकटींवरून सावकाश खाली गेलं, अगदी शेवटच्या ओळीत, मी कधी न ऐकलेल्या चौकटीवर.

“आपा खाली उतरनार हाय,” कडूबाचा आवाज म्हणाला.

मी वहाबकडे बघितलं. म्हणजे हे रिक्षात बसून भरलेलं होतं. मी चपला घालणार, मी सोबत येणार, मी कंडक्टरशी बोलायला तोंड उघडणार, हे त्याला तेव्हाच माहीत होतं.

“अरे पण—” मी म्हटलं.

“ताई, उतरायलात ना?” कंडक्टर म्हणाला. “गाडी सुटायली.”

मी उतरले. गाडी मागं सरकली, वळली, फाटकातून बाहेर गेली. खिडकीतून वहाबनं माझ्याकडे बघितलं नाही, तो कुणाकडेच बघत नाही. आणि मी फलाटावर उभी राहून रडत होते, हसत होते, पण सगळ्यात जास्त मला राग आला होता. मोठ्या झालेल्या भावाचा येतो तसा राग, आयुष्यात पहिल्यांदा.